आवक भरपूर, जावक निरंक

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा (एन.सी.आर.बी. म्हटले की चटकन कळते) वार्षिक अहवाल दिल्लीत प्रसिद्ध झाला की दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा येतो. गोव्यात अमुक गुन्हे इतक्या टक्क्यांनी वाढले, किंवा घटले. वाढले असतील तर विरोधक बोलतात, घटले असतील तर सत्ताधारी. दोन दिवस हे चालते, मग कॅसिनो, म्हादई, खाणी असा कुठलातरी आपला नेहमीचा विषय पुन्हा वर येतो आणि तो जाडजूड अहवाल पुढच्या अहवालापर्यंत कुणी उघडत नाही.

मी तो उघडतो. हौस म्हणा किंवा खोड म्हणा. शिक्षण कला शाखेचे, संख्याशास्त्राशी माझा संबंध नाही. पण वीसेक वर्षे सरकारी खात्यात कारकुनी केली आहे आणि वरून आलेल्या नमुन्यात माहिती भरून पाठवणे हा त्या कारकुनीचा निम्मा भाग असतो. त्यामुळे छापील तक्ता समोर आला की मला आधी आकडा दिसत नाही, तो भरणारा माणूस दिसतो. महिनाअखेर आहे, वरून फोन आलेला आहे, आणि ज्या रकान्यात काय लिहावे ते समजत नाही तिथे तो 'निरंक' लिहून मोकळा होतो आहे. आमच्या जगात निरंक या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, अशी घटना घडलीच नाही. दुसरा, घडली असेल बुवा, पण आमच्याकडे तिची नोंद नाही. तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात!

'क्राइम इन इंडिया' हा अहवाल १९५३ सालापासून निघतो. एन.सी.आर.बी.ची स्थापना झाली १९८६ साली, आणि तुरुंगांचा वेगळा अहवाल १९९५ पासून. म्हणजे सत्तर वर्षांची परंपरा आहे, आणि मोजणाऱ्यांनी स्वतःच वाचकाला सावध केलेले आहे. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पोलिसांचा आकडा वर गेला म्हणजे गुन्हेगारी वाढली असे मानणे चूक आहे, असे अहवालातच लिहिलेले असते. ते पान कुणी वाचत नाही. आपल्याला थेट तक्ता लागतो.

आता २०२० साल घ्या. त्या वर्षी देशात दखलपात्र गुन्ह्यांची नोंद ६६ लाखांवर गेली. आदल्या वर्षी ती सुमारे ५१ लाख ५६ हजार होती. एका वर्षात २८ टक्के वाढ. टाळेबंदीचे वर्ष ते! माणसे घरात, दुकाने बंद, कदंबच्या बसगाड्या आगारात उभ्या, आणि गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले? झाले होते ते असे : भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याबद्दल, २०१९ मध्ये देशभरात साडेएकोणतीस हजारांच्या आसपास गुन्हे नोंदले गेले होते, ते २०२० मध्ये सहा लाखांच्या वर गेले. मास्क नाही, फिरायला बाहेर पडला, दुकानाचे शटर अर्धे उघडे ठेवले. चोऱ्या त्या वर्षी उलट कमी झाल्या होत्या. स्त्रियांवरील गुन्ह्यांची नोंदही ८.३ टक्क्यांनी घटली होती, आणि त्या 'घटी'वर मात्र माझा विश्वास बसत नाही. नवरा दिवसभर घरात, आणि बाईला पोलीस ठाण्यापर्यंत जायला वाट नाही, अशा वर्षात ती नोंद दुसरीकडे कुठे जाणार होती?

उलट बाजूचे उदाहरण २०१३ चे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडले ते आपण विसरलेलो नाही. त्यानंतर कायदा बदलला, बलात्काराची व्याख्या रुंदावली, आणि अशी तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद झाली. २०१२ साली देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले होते, २०१३ मध्ये ३३,७०७. वाढ ३५ टक्क्यांची. एका वर्षात पुरुषजात इतकी बिघडली असे म्हणायचे की इतक्या अधिक बायका-मुली ठाण्याची पायरी चढल्या आणि तिथून परत पाठवल्या गेल्या नाहीत, असे म्हणायचे? मला दुसरे पटते. म्हणून काही गुन्ह्यांचा आकडा वाढला तर मला बरे वाटते. हे वाचून काहीजण रागावतील, पण मत माझे हेच आहे.

नोंद कशी गळते त्याचा एक घरगुती नमुना देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याचा मोबाईल जत्रेच्या गर्दीत खिशातून गेला. तो तक्रार द्यायला गेला. ठाणे कुठले ते महत्त्वाचे नाही. तिथल्या हवालदाराने अगदी प्रेमाने सांगितले, "बाबा, 'चोरला' कशाला लिहितोस? 'हरवला' लिही. नवे सिमकार्ड मिळायला तेवढे पुरे." पोराने तसे लिहून दिले, शिक्का मारलेला कागद घेतला, घरी आला. सिमकार्ड मिळाले, सगळे खुश. पण राष्ट्रीय अहवालात त्या वर्षीच्या चोऱ्यांत ही चोरी नाही. हरवलेल्या वस्तूंचा गुन्हा होत नसतो. हवालदारालाही मी फार दोष देणार नाही. ठाण्याचा आकडा वाढला की वरचा साहेब विचारतो, साहेबाला त्याच्या वरचा विचारतो, आणि सगळ्यात वरच्याला विधानसभेत विचारतात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की प्रथम माहिती अहवाल नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल नोव्हेंबर २०१३ मध्ये लागलेला आहे (ललिता कुमारी खटला). निकाल आहे, पण जत्रेच्या गर्दीत तो कुणाला आठवणार?

आपल्या राज्याच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. अहवालात गुन्ह्यांचा दर लाख लोकसंख्येमागे देतात. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. त्यापुढच्या वर्षांसाठी अंदाज धरतात, तो धरूनही आपण पंधरा-सोळा लाखांच्या आसपासच राहतो. पण २०२४ साली गोव्यात आलेल्या पर्यटकांची संख्या एक कोटीच्या वर होती. कळंगुटला पर्यटकाची बॅग चोरीला गेली, हणजुणेला दोन पर्यटकांची मारामारी झाली, तर तो गुन्हा गोव्याच्या खात्यात चढतो, पण ते पर्यटक ज्याने भागायचे त्या आकड्यात नसतात. पुन्हा आपले राज्य एवढे लहान की, समजा, एखाद्या गुन्ह्याचे प्रकार तीसवरून छत्तीसवर गेले तर वाढ वीस टक्के! उत्तर प्रदेशात सहा प्रकरणे अधिक झाली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. तेव्हा 'गोवा अमुक क्रमांकावर' हे मथळे मी चवीपुरते वाचतो.

इथपर्यंत जे सांगितले ते आवक रजिस्टरबद्दल. सरकारी कचेरीत दोन रजिस्टरे असतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. बाहेरून आलेला कागद आवकमध्ये चढतो आणि निकालात निघून बाहेर गेला की जावकमध्ये. कचेरी कशी चालते हे पाहायचे असेल तर शहाणा अधिकारी आवक पाहत नाही. आवक काय, ती टपालवाल्याच्या कृपेने होते. तो जावक मागतो. गुन्हे आणि न्यायाच्या बाबतीत आपण देश म्हणून आवक बऱ्यापैकी ठेवतो, जावकीकडे मात्र जसजसे जावे तसतशी पाने कोरी होत जातात. माझी खरी तक्रार इथून पुढे आहे.

न्यायालयांचे पाहा. वर्षाच्या सुरुवातीला पडून असलेले खटले आणि वर्षभरात नवे आलेले यांची बेरीज केली तर दहांतले सुमारे नऊ वर्षाअखेरीस तसेच पडून असतात. २०१५ पासून राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड संकेतस्थळावर कुणालाही हे पाहता येते, जिल्हा व तालुका पातळीवरच्या न्यायालयांत मिळून चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. ही सोय उत्तम आहे, हे म्हटलेच पाहिजे. दोषसिद्धीचा दर मात्र जपून वाचावा. त्या वर्षी ज्या खटल्यांचा निकाल लागला त्यांतल्या किती टक्क्यांत शिक्षा झाली एवढेच तो सांगतो. ज्यांचा निकालच लागला नाही ते त्यात नसतात. शंभर मुलांपैकी दहाच परीक्षेला बसली, त्यांतली पाच उत्तीर्ण झाली आणि शाळेने 'निकाल ५० टक्के' अशी पाटी लावली, त्यातला हा प्रकार.

मग तुरुंग. सगळ्या अहवालांत मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो हा तक्ता, कारण तिथे डोकी मोजलेली असतात. कोठड्या बंद करताना रोज गणती होते, एक जरी कमी भरला तरी धावाधाव. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्या कैद्यांत कच्चे कैदी ४,३४,३०२. म्हणजे जवळजवळ ७६ टक्के. शंभरांतल्या शहात्तर जणांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नव्हता. त्यांच्यातले अकरा हजारांहून अधिक पाच वर्षांपेक्षा जास्त काळ तसेच आत होते. पुढच्या अहवालात हे प्रमाण किंचित उतरले, पण चारांतले तीन हा हिशेब काही मोडला नाही.

आकडा नीट मांडला तर काय होऊ शकते हे याच विषयात एकदा दिसलेले आहे. १९७९ च्या जानेवारीत 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये के. एफ. रुस्तमजी यांचे लेख आले. रुस्तमजी जन्माने आपले कामठीचे, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख आणि तेव्हा राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य. बिहारच्या तुरुंगांत पाहिलेल्या कच्च्या कैद्यांची नावे आणि ते किती वर्षे आत आहेत हे त्यांनी लिहिले. टक्केवारी नाही, भाष्य फारसे नाही. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जी शिक्षा होऊ शकली असती त्याहून जास्त काळ काहीजण खटल्याविना आत होते. ॲडव्होकेट कपिला हिंगोरानी यांनी त्यावरून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, न्या. भगवतींपुढे तो चालला. हुसैनआरा खातून खटला तो हाच. लवकर खटला चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला आणि हजारो माणसे सुटली. एका निवृत्त अधिकाऱ्याने जावक रजिस्टर मागितले, इतकेच!

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडावे, आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज तुरुंग अधीक्षकाने करावा. चांगले कलम आहे. पण अधीक्षकाला ते करायचे तर प्रत्येक कैद्याची तारीख-तारीख मांडलेले रजिस्टर हवे. पुन्हा कारकून आलाच.

आता सर्वांत कोऱ्या पानाकडे येतो. ते पान प्रोबेशनचे. आमच्या कचेरीत प्रोबेशन म्हटले की नव्याने लागलेल्या नोकराची पहिली दोन वर्षे आठवतात. नीट वागला तर कायम. कायद्यातल्या प्रोबेशनचे, म्हणजे परिवीक्षेचे, तत्त्व फार वेगळे नाही. गुन्हा शाबीत झाला आहे, पण माणूस पहिल्यांदाच घसरला आहे, गुन्हा फार मोठा नाही. अशाला तुरुंगात न टाकता चांगल्या वर्तनाच्या हमीपत्रावर सोडायचे आणि परिवीक्षा अधिकाऱ्याची नजर ठेवायची. भारताचा कायदा १९५८ सालचा. (त्या साली आपण अजून पोर्तुगिजांच्या अमलाखाली होतो आणि आग्वादच्या किल्ल्यात आपले स्वातंत्र्यसैनिक बंद होते. मुक्तीनंतर हा कायदा आपल्याकडे आला.) त्याचे सहावे कलम मला फार मोलाचे वाटते. एकवीस वर्षांखालच्या मुलाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, सरळ तुरुंगात पाठवता येत नाही. पाठवायचे असेल तर आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कारण लिहून ठेवावे लागते. बारावे कलम म्हणते की असा सुटलेला माणूस दोषी ठरल्यामुळे येणाऱ्या अपात्रतेतून मोकळा होतो. एकोणीस वर्षांच्या पोराने मित्रांच्या नादाने दुचाकी पळवली असेल, तर पुढच्या पन्नास वर्षांचे काय होणार ते या दोन कलमांवर ठरते.

आणि असे किती जण दर वर्षी परिवीक्षेवर सुटतात? खटल्यांच्या निकालांच्या राष्ट्रीय तक्त्यात शिक्षा झालेले, निर्दोष सुटलेले, तडजोड झालेले, मागे घेतलेले, असे अनेक रकाने आहेत. प्रौढांच्या परिवीक्षेचा वेगळा रकाना नाही. विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या तक्त्यात तो अनेक वर्षे आहे, समज देऊन घरी पाठवलेली किती, परिवीक्षेवर सोडलेली किती. म्हणजे मोजता येत नाही असे नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली की मोजणे थांबते, एवढेच.

कुणी म्हणेल, रकाना नाही तर नाही, सोडायचे ते न्यायाधीश सोडतातच ना? इथे माझ्या धंद्याचा अनुभव सांगतो. कुठल्याही खात्यात नवे पद मागायचे तर प्रस्ताव करावा लागतो. प्रस्ताव वित्त खात्यात जातो आणि तिथून शेरा येतो : कामाचा व्याप आकडेवारीसह द्यावा, पदाचे औचित्य सिद्ध करावे. आकडेवारी नसेल तर फाईल जशी गेली तशी परत. रकाना नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून व्याप नाही, व्याप नाही म्हणून अधिकारी नाही. अधिकारी नसला की अहवाल वेळेवर येत नाही, आणि अहवाल नसला की न्यायाधीश परिवीक्षेचा विचार करायला कचरणारच. त्यात कुणाचा दुष्टावा नाही. कोऱ्या रकान्याने ते पोर आत जाते. याउलट तुरुंगात डोकी मोजलेली असतात, म्हणून गर्दीचा आकडा तयार असतो, म्हणून नव्या तुरुंगाचा प्रस्ताव मंजूर होतो. आपल्याकडे २०१५ साली कोलवाळचा नवा मध्यवर्ती तुरुंग सुरू झाला, आग्वादचा बंद झाला आणि पुढे तिथे संग्रहालय झाले. नवा तुरुंग नको होता असे मी म्हणत नाही, जुन्याची दशा काय होती ते सर्वांना माहीत आहे. पण भिंतींना आकडे मिळतात आणि माणसांना मिळत नाहीत, हे बरे नव्हे.

इंग्लंड-वेल्समध्ये परिवीक्षेवरच्या लोकांची आकडेवारी दर तिमाहीला प्रसिद्ध होते. तिथे तुरुंगात आहेत त्यांच्या दुपटीहून अधिक लोक प्रोबेशनच्या देखरेखीखाली बाहेर असतात. तिथली व्यवस्था फार सुखात आहे असे नाही, अधिकारी अपुरे म्हणून तिथेही ओरड असते. पण ओरड करायला हातात आकडा आहे. आणि ही कल्पना ज्याच्यापासून सुरू झाली असे मानतात तो बॉस्टनचा जॉन ऑगस्टस हा तर साधा चांभार. १८४१ मध्ये त्याने न्यायालयात एका दारुड्याला जामीन राहून सोडवले आणि तीन आठवड्यांनी सुधारलेल्या अवस्थेत न्यायाधीशापुढे उभे केले. मग तो हेच करत राहिला. १८५८ पर्यंत १,९४६ स्त्री-पुरुषांना तो जामीन राहिला. हा आकडा आज आपल्याला कळतो याचे कारण त्या चांभाराने दुकान सांभाळून हिशेब ठेवला होता आणि १८५२ मध्ये आपल्या कामाचा अहवाल छापलासुद्धा होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसाला जे जमले ते एन.सी.आर.बी.ला जमू नये?

रकाना घालायला याहून चांगली वेळ येणार नाही. २०२४ च्या मध्यावर दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली. ३०२ चे १०३ झाले, आपल्या लाडक्या चारसोबीसचे ३१८ झाले. म्हणजे २०२४ सालच्या तक्त्यांत सहा महिने जुन्या कायद्याचे आणि सहा महिने नव्याचे, नमुने कसेही करून बदलावेच लागणार. नव्या संहितेत किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षाही आली आहे. तिलाही रकाना लागेल, नाहीतर तीही कागदावरच राहील. दिल्लीचे नमुने बदलणे आपल्या हातात नाही हे खरे, पण राज्यापुरते विचारणे आहे. आपल्या आमदारांपैकी कुणी हे वाचत असतील तर पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न तयारच देतो : मागील तीन वर्षांत गोव्यातील न्यायालयांनी किती प्रौढ आरोपींना परिवीक्षेवर सोडले, त्यांपैकी एकवीस वर्षांखालील किती, हमीची मुदत नीट पुरी केलेले किती, आणि त्यांच्यावर देखरेखीसाठी किती परिवीक्षा अधिकारी नेमलेले आहेत? तारांकित मिळाला तर उत्तम, अतारांकितही चालेल. उत्तराचा तक्ता टाईप करायला आमच्यातलाच कुणीतरी बसेल, आणि त्याला निरंक लिहिण्याआधी चार न्यायालयांना फोन तरी लावावे लागतील.